चंद्रापुरते उरलेले क्रियापद

‘वॅक्स’ म्हटले की मराठी वाचकाला मेण आठवते. मेणबत्तीचे, गाडीला चकाकी आणण्याचे, ब्यूटी पार्लरमधल्या वॅक्सिंगचे. इंग्रजी कोशात मात्र मेणाच्या नोंदीशेजारी याच अक्षरांची आणखी एक, स्वतंत्र नोंद असते. ती क्रियापदाची. अर्थ ‘वाढणे’. त्याखाली बहुधा चंद्राचे उदाहरण असते: कलेकलेने वाढणारा तो ‘वॅक्सिंग मून’. मग एखाददुसरा ठरीव वाक्प्रचार येतो आणि नोंद आटोपते. ही एवढीशी नोंद मला इंग्रजी भाषेतल्या सर्वांत सुंदर नोंदींपैकी एक वाटते. कारण हजार वर्षांपूर्वी इंग्लंडातली जवळजवळ सगळी वाढ याच एका क्रियापदाच्या ताब्यात होती.

जुन्या इंग्रजीत त्याचे रूप होते ‘वेअक्सन’. माणसे, गुरे, झाडे, पाणी, दुःख, कीर्ती, सगळ्यांच्या वाढण्याला हेच क्रियापद चाले. ‘बेवुल्फ’ या महाकाव्याच्या आरंभीच निराधार अवस्थेत सापडलेल्या एका मुलाची हकिगत येते. तो आभाळाखाली वाढतो, मोठा होतो आणि शेजारच्या टोळ्यांकडून खंडणी वसूल करणारा राजा होतो. त्याच्या वाढण्यासाठी कवीने योजलेला शब्द हाच. इ.स. १००० च्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या धर्मोपदेशकाने बायबलमधला उत्पत्तीचा भाग जुन्या इंग्रजीत आणला, तेव्हा जीवसृष्टीला वाढण्याची आणि बहुगुणित होण्याची देवाची आज्ञाही याच क्रियापदाने सुरू झाली. सृष्टीला मिळालेली पहिली आज्ञा ज्या शब्दात उतरली, त्या शब्दाचे वजन त्या काळच्या माणसाला काय वाटत असेल, याची कल्पना करता येते.

मग ‘ग्रो’ कुठे होते? ते कुरणात होते. जुन्या इंग्रजीतले ‘ग्रोवन’ मुख्यतः वनस्पतींपुरते. हिरवा या अर्थाचे ‘ग्रीन’ आणि गवताचे ‘ग्रास’ हे त्याचे सख्खे भाऊबंद. तिघांचे मूळ एकच. उगवणे, हिरवे होणे, पालवणे हा ‘ग्रो’चा मूळ भाव. गवत ‘ग्रो’ होई, मूल ‘वॅक्स’ होई. पुढच्या काही शतकांत कुरणातला हा शब्द हळूहळू गावात शिरला. आधी जनावरांवर, मग माणसांवर, मग मनावर आणि राज्यांवर त्याने हक्क सांगितला, आणि जुना मालक एकेक खोली सोडत मागे सरत गेला.

शब्दांच्या व्याकरणातही ही माघार वाचता येते. जुन्या इंग्रजीत ‘वेअक्सन’ हे पोटातला स्वर बदलून भूतकाळ करणारे क्रियापद होते. भूतकाळी त्याचे ‘वेओक्स’ होई. अशा क्रियापदांना व्याकरणकार ‘बळकट’ म्हणतात. कालांतराने त्याला इतर सामान्य क्रियापदांसारखा ‘एड’ हा प्रत्यय लागू लागला, म्हणजे ते ‘दुबळे’ झाले. ‘ग्रो’ मात्र आजही ‘ग्रू’, ‘ग्रोन’ असे आपले जुने बळ टिकवून आहे. वापर घटला की शब्दाची वेगळी रूपे विसरली जातात. ‘वॅक्स’चे तेच झाले.

दोन्ही शब्द एकाच घरात नांदत होते असा एक मधला काळही होता आणि त्याची साक्ष १६११ च्या किंग जेम्स बायबलात आहे. लूकच्या शुभवर्तमानात बाळ येशू वाढला आणि आत्म्याने बळकट होत गेला असे सांगणारे एक वाक्य आहे. त्यात शरीराच्या वाढीला ‘ग्रो’ आहे आणि आतून बळकट होत जाण्याला ‘वॅक्स’. त्याआधी सुमारे ८५ वर्षे बायबलचा अनुवादक विल्यम टिंडल यानेही हीच जोडी वापरली होती. वाक्य छोटे आहे, पण दोन क्रियापदांची कामे किती नीट वाटली आहेत पाहा. एक बाहेरून दिसणारे, उंचीत मोजता येणारे. दुसरे आतल्या आत घडणारे. आधुनिक इंग्रजी बायबलांत त्या ‘वॅक्स’च्या जागी ‘बिकम’ येते. अर्थ पोचतो, पण काहीतरी सांडते. ‘बिकम’मध्ये स्थिती बदलल्याची खबर मिळते, ती बदलत असतानाची हळूहळू चढणारी गती त्यात नाही.

याच बायबलात ‘वॅक्स’ आणखी एका ठिकाणी भेटते, आणि तिथे ते चकित करते. वस्त्र जुने होते, जीर्ण होते, त्यालाही हे क्रियापद लावले आहे. जुने होणे ही वाढ कशी? पण ‘वॅक्स’ला वाढ म्हणजे केवळ आकाराची भर असे कधी वाटलेच नव्हते. एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीकडे पुढे सरकत राहणे, एवढीच त्याची अट. म्हणून माणूस बळकट ‘वॅक्स’ होतो, रागीट ‘वॅक्स’ होतो, म्हातारा आणि फिकटही ‘वॅक्स’ होतो.

या शब्दाचे वैभव पाहायचे तर ‘हॅम्लेट’च्या पहिल्या अंकातल्या तिसऱ्या प्रवेशाकडे जावे. मराठी वाचकाला हे नाटक आगरकरांच्या ‘विकारविलसित’पासून, म्हणजे १८८३ पासून ओळखीचे आहे. लेअर्टिझ फ्रान्सला निघाला आहे. निघता निघता तो बहिणीला, ओफिलियाला, बजावतो: हॅम्लेटच्या प्रेमावर विसंबू नकोस, ते वयाचे आहे, लवकर फुलते आणि टिकत नाही. ओफिलिया मोजक्या शब्दांत विचारते, एवढेच का ते? तिच्या प्रश्नात दुखावलेपण आहे, आशाही आहे. त्यावर लेअर्टिझ जे बोलतो, त्या एका वाक्यात शेक्सपिअरने इंग्रजीतल्या वाढीचे तीन शब्द शेजारी शेजारी बसवले आहेत: ‘क्रेसंट’, ‘ग्रो’ आणि ‘वॅक्स’.

आधी ‘क्रेसंट’. आज हा शब्द ऐकला की चंद्रकोरीचा आकार दिसतो. पण तो आला लॅटिन ‘क्रेस्केरे’, म्हणजे वाढणे, या क्रियापदावरून, आणि त्याचा मूळ अर्थ आहे ‘वाढत असलेला’. चंद्रकोर वाढत असते म्हणून ती क्रेसंट. आकाराचा अर्थ नंतरचा. लेअर्टिझ तो मूळ अर्थानेच वापरतो: माणसाची घडण, वाढत्या वयातली. मग ‘ग्रो’ येते, आणि ते येते स्नायू आणि अंगलट यांच्या जोडीने. तो म्हणतो, घडण काही नुसती स्नायूंनी आणि थोराडपणाने वाढत नाही. इथे ‘ग्रो’ने आपली जुनी ओळख राखली आहे. जे रोपासारखे फोफावते, डोळ्यांना दिसते, ते त्याचे.

आणि मग तो देहाला मंदिर म्हणतो. देह हे मंदिर ही कल्पना बायबलातली. प्रेक्षकांच्या कानांना सरावाची. हे मंदिर जसजसे वाढते, तसतशी त्याच्या आत चालणारी मनाची आणि आत्म्याची सेवाही विस्तारते, असा त्याचा मुद्दा. मंदिराच्या या वाढण्याला शेक्सपिअरने ‘वॅक्स’ दिले. इथे थांबून विचार करण्यासारखे आहे. स्नायूंना ‘ग्रो’, मंदिराला ‘वॅक्स’. स्नायू हे मांस. मंदिर म्हटल्यावर तोच देह पवित्र होतो, आणि त्याच्या वाढीला अधिक जुने, अधिक गंभीर क्रियापद लागते. ‘सेवा’ या शब्दाचाही नेमका रोख आहे. इंग्रजी ‘सर्व्हिस’ म्हणजे चाकरी आणि देवळातली उपासनाही. मंदिराचा विस्तार झाला की नित्यपूजेचा व्याप वाढतो, हे पंढरपूर किंवा जेजुरी पाहिलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको. लेअर्टिझला म्हणायचे आहे ते इतके: आज त्याचे तुझ्यावर खरे प्रेम असेलही, पण तो वाढतो आहे, आणि वाढणाऱ्या माणसाच्या आतल्या जबाबदाऱ्याही वाढतात, उद्या तो राज्याचा असेल, स्वतःचा नसेल. एका बहिणीला दिलेल्या व्यावहारिक सल्ल्यात वाढीचा हा सगळा विचार आला आहे, आणि तो तीन शब्दांच्या निवडीतून आला आहे. मला तर वाटते, हे वाक्य म्हणजे ‘वॅक्स’च्या भर दुपारचे शेवटचे ऊन आहे. त्यानंतर इंग्रजीत इतक्या ताठ मानेने ते क्वचितच उभे राहिले.

आजचे मूल हे वाक्य वाचते तेव्हा ‘क्रेसंट’पाशी त्याला चंद्रकोर दिसते आणि ‘वॅक्स’पाशी मेण. तळटीप पाहिली नाही तर वाक्यातल्या तीन वाढींपैकी दोन त्याच्या हाती लागत नाहीत.

बोलीत ‘वॅक्स’ अजून टिकून आहे ते ‘वॅक्स एलोक्वंट’, ‘वॅक्स लिरिकल’ अशा काही जोड्यांत. भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांची तर ‘वॅक्स एलोक्वंट’वर विशेष माया. पुढारी बोलायला उभा राहिला की तो हे करतो. इथे ‘वॅक्स’चा अर्थ बोलणे असा नाही, ‘होत जाणे’ असा आहे: वक्ता बोलता बोलता ओघवता होत गेला. म्हणूनच पुढे विशेषण येते. पण आता अनेकांना ते बोलण्याचेच क्रियापद वाटते आणि ते ‘एलोक्वंटली’ लिहून टाकतात. चूक समजण्यासारखी आहे. शब्दाचे बाकी सगळे आधार निघून गेल्यावर उरलेल्या जोडीवरूनच त्याचा अर्थ लावला जाणार.

या वाक्प्रचारात एक गोष्ट दडलेली आहे, ती मराठी माणसाला इंग्रज माणसापेक्षा लवकर उमगावी. आपण अशा वक्तृत्वाला ‘ओजस्वी’ म्हणतो. ‘वॅक्स’ आणि ‘ओजस्’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत. मूळ अर्थ वाढणे, बळावणे. संस्कृतात तो ‘ओजस्’ म्हणजे बळ, तेज असा राहिला. इतकेच नाही, तर ऋग्वेदात ‘वक्ष्’ हा धातू वाढण्याच्या अर्थाने येतो; ‘ववक्ष’ म्हणजे वाढला. मोनियर-विल्यम्सने आपल्या संस्कृत-इंग्रजी कोशात या धातूपुढे जर्मन ‘वाक्सेन’ आणि इंग्रजी ‘वॅक्स’ हे भाऊबंद नोंदवून ठेवले आहेत. छातीला म्हणतो तो ‘वक्ष’ हा शब्दही या धातूशी जोडला जातो. इंग्रजीत कमरेचा ‘वेस्ट’ हा शब्द बहुधा ‘वॅक्स’च्याच घरातला, अंगाची वाढ जिथे कळते ती जागा.

पण मला सर्वांत हलवून जाते ती दुसरीच गोष्ट. ‘वक्ष्’ हा धातू पुढच्या संस्कृतात मागे पडला. वाढीचा कारभार ‘वृध्’ने घेतला. वृद्धी, वर्धन, वर्धमान, आपले वाढणे, वाढदिवस, सगळे ‘वृध्’चे. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेत प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी असे मुद्रेचे वर्णन आहे, तिथेही ‘वर्धिष्णु’ हाच शब्द. म्हणजे एका टोकाला इंग्लंड, दुसऱ्या टोकाला भारत, मधे हजारो मैल आणि कित्येक शतके, आणि दोन्हीकडे हे एकच जुने क्रियापद वाढीच्या कामावरून निवृत्त झाले. जर्मनीत मात्र तसे झाले नाही. तिथे मूल, झाड, शहर, सगळे आजही ‘वाक्सेन’ होते आणि अर्थव्यवस्थेच्या वाढीला ‘वाक्सटूम’ म्हणतात.

या मुळाचा लॅटिन संसार तर प्रचंड. ‘आउगेरे’ म्हणजे वाढवणे. त्यावरून बोली चढत जाते तो ‘ऑक्शन’, जो काही निर्माण करून वाढवतो तो ‘ऑथर’, आणि इ.स.पू. २७ मध्ये रोमच्या सिनेटने ऑक्टेव्हियनला दिलेली ‘ऑगस्टस’ ही पदवी, जिच्यावरून ऑगस्ट महिना आला. ‘निकनेम’ही यातलेच. मूळ शब्द ‘ईक-नेम’, म्हणजे जास्तीचे, भर घातलेले नाव. मागच्या ‘अॅन’मधला ‘न’ त्याला चिकटला आणि ‘निकनेम’ झाले.

ग्रीक शाखेतून आलेला एक शब्द मात्र महाराष्ट्रातल्या शेतापर्यंत पोचला आहे, म्हणून त्याच्याजवळ थोडे थांबू. १८८० मध्ये चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या अंकुरांची टोके झाकून पाहिली आणि टोक झाकले की अंकुर उजेडाकडे वळत नाही हे दाखवले. १९२० च्या दशकात नेदरलंड्समध्ये फ्रिट्स वेन्टने ओटच्या अंकुरांची टोके कापून अगरच्या तुकड्यांवर ठेवली. टोकातून अगरमध्ये उतरलेल्या द्रव्याने बिनटोकाचा अंकुर वाढून वाकला. १९३१ मध्ये अशा द्रव्याला नाव मिळाले ‘ऑक्सिन’, ग्रीक ‘आउक्सेइन’, म्हणजे वाढणे, यावरून. सोलापूर-सांगोल्याकडे डाळिंबाची गुटी बांधतात तेव्हा फांदीवरची सालीची एक रिंग काढतात, वरच्या कडेला आयबीए नावाचे द्रव्य लावतात, ओले शेवाळ गुंडाळून प्लास्टिकने आवळून बांधतात. शेंड्याकडून येणारा रस त्या जागी अडतो आणि काही आठवड्यांत पांढऱ्या मुळ्या फुटतात. आयबीए हे ऑक्सिनच. जे क्रियापद इंग्रजीत कुरणातल्या ‘ग्रो’पुढे हरले, त्याच्या ग्रीक भावंडाला विसाव्या शतकात वनस्पतींच्या वाढीचे मुख्य नाव मिळाले, याचे मला फार समाधान वाटते.

आता चंद्राकडे वळू. इंग्रजीत चंद्राची दोन क्रियापदे: ‘वॅक्स’ आणि ‘वेन’, वाढणे आणि घटणे. आपण त्याच पंधरवड्यांना शुद्ध आणि वद्य, शुक्ल आणि कृष्ण म्हणतो. आपले लक्ष रात्रीच्या उजेड-अंधाराकडे, त्यांचे चंद्राच्या भरण्या-ओसरण्याकडे. ‘वेन’चे मूळ शोधत गेलो तर पुन्हा आपल्याच दारात येऊन पोचतो. त्याचा संस्कृत भाऊ ‘ऊन’, म्हणजे कमी. त्यावरून मराठी ‘उणे’. ‘पाच उणे दोन’मधले, उणेदुण्यातले, थंडीत पारा शून्याखाली गेल्यावर बातमीत येते ते. पाऊण म्हणजे पाद-ऊन, पावाने कमी. एकोणीस म्हणजे एक-ऊन-वीस, एकाने कमी वीस. घड्याळात पावणेदोन झाले असे म्हणताना आपण इंग्रजी चंद्राच्या उतरत्या कलेच्या शब्दाचा सख्खा भाऊ उच्चारत असतो. वाढीचा शब्द आपण ओजात जपला आणि घटीचा आकड्यांत.

‘वॅक्स’ला चंद्राने वाचवले ते या जोडीमुळे. ‘वेन’ नसता तर ‘वॅक्स’ही कधीच गेले असते. ‘ग्रो’ने चंद्रही घेतला असता, पण ‘ग्रो’ला अशी जोडी नाही. त्याच्याशी घटण्याचे एकही क्रियापद कायमचे जोडलेले नाही. याउलट ‘वॅक्स’ म्हटले की ‘वेन’ मागोमाग येतेच. चढ आणि उतार एकाच दमात उच्चारले जातात. ‘क्रेसंट’चे तर असे झाले आहे की वद्य पक्षातल्या कोरीला इंग्रजीत ‘वेनिंग क्रेसंट’ म्हणतात. शब्दशः पाहिले तर ‘घटती वाढती’. मूळ अर्थ विसरला म्हणूनच ही जोडी कुणाला खटकत नाही.

आणखी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. वाढण्याच्या अर्थाने ‘वॅक्स’ला कर्म लागत नाही. चंद्र वाढतो, चंद्राला कुणी वाढवत नाही. ‘ग्रो’ही मूळचे असेच होते, पण अठराव्या शतकापासून माणसे भाजी आणि दाढी ‘ग्रो’ करू लागली, म्हणजे वाढवू लागली. १९९२ च्या अमेरिकी निवडणुकीत बिल क्लिंटन यांनी अर्थव्यवस्था ‘ग्रो’ करण्याची भाषा केली आणि आता प्रत्येक कंपनी आपला धंदा ‘ग्रो’ करते. मराठीला याचा त्रास नाही, कारण आपल्याकडे वाढणे आणि वाढवणे ही रूपेच वेगळी आहेत. आणि सकर्मक ‘वाढणे’ म्हणाल तर ते ताटात वरणभात वाढण्यासाठी राखून ठेवले आहे. पण इंग्रजीने आपोआप घडणाऱ्या वाढीसाठी असलेला वेगळा शब्द जवळजवळ गमावला, हे तिचे नुकसान आहे असे माझे स्पष्ट मत आहे. जे आपल्या हातात नाही, जे आपल्या वेळेने होते आणि आपल्या वेळेने ओसरते, त्या वाढीला ‘ग्रो’ पुरेसा नाही.

शाळा-कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. ‘हॅम्लेट’ शिकवताना, लूकमधला तो भाग वाचताना किंवा नुसते वर्तमानपत्रातले ‘वॅक्स एलोक्वंट’ समजावताना मेणावरून सरळ ‘बिकम’वर उडी मारू नका. फळ्यावर ‘वॅक्स’ लिहा आणि शेजारी ‘ओज’ लिहा. ‘वेन’ लिहा आणि शेजारी ‘उणे’, ‘पाऊण’, ‘एकोणीस’ लिहा. सहावी-सातवीच्या मुलालाही हे समजते, आणि एकदा समजले की विसरत नाही.